चढण, ओझं आणि कॅमेरा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाचे शिक्षक होते. सनावळीपेक्षा साधनांवर त्यांचा जीव. ही बखर, हा अस्सल कागद, ही दंतकथा, अशी वर्गवारी केल्याशिवाय ते विद्यार्थ्याला पुढचं पान उलटू देत नसत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींच्या तुलनेत मूळ पत्रांना जे वजन दिलं, त्या परंपरेतलं हे शिक्षण. आज मी राजवाड्यांसमोर न आलेलं एक साधन तुमच्यापुढे ठेवणार आहे. सैन्याबरोबर डोंगर चढलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेली युद्धाची चित्रफीत. ती कागद मानायची की बखर?

प्रश्न मोघम ठेवला तर उत्तरही मोघम येईल. म्हणून एकच मोहीम आणि मुख्यतः एकच छायालेखक घेतो. मोहीम दुसऱ्या महायुद्धातली, न्यू गिनीच्या जंगलातली. छायालेखक ऑस्ट्रेलियाचा डेमियन पॅरर.

न्यू गिनी हे ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचं प्रचंड बेट. जुलै १९४२ मध्ये जपानी सैन्य त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, बुना आणि गोना इथे उतरलं. त्यांचं लक्ष्य होतं दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्ट मोर्स्बी हे बंदर. मध्ये आडवी ओवेन स्टॅनली पर्वतरांग. ती ओलांडणारी वाट म्हणजे कोकोडा पायवाट. लांबी सुमारे ९६ किलोमीटर, सर्वांत उंच खिंड २,००० मीटरच्या वर, आणि बैलगाडी तर सोडाच, खेचरांनाही बहुतेक ठिकाणी न पेलणारी. ऐन आषाढात कोकणातून घाटमाथ्याकडे चढणारी एखादी नाळ डोळ्यांपुढे आणा. पाय ठेवावा तिथे निसरडं, अंगावर जळवा, दहा पावलांपुढे धुकं. तशी चढण दिवसेंदिवस, पाठीवर बंदूक आणि दारूगोळा, आणि वरच्या झाडीत कोणीतरी नेम धरून बसलेलं. पायवाटेच्या दक्षिण टोकाला अभियंत्यांनी लाकडाचे ओंडके आडवे घालून हजारो पायऱ्या केल्या होत्या. त्यांना कागदोपत्री ‘गोल्डन स्टेअर्स’ असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात प्रत्येक ओंडक्यामागे चिखलाचं डबकं साचे.

ऑगस्टच्या अखेरीस इसुरावा या गावाजवळ मोठी लढाई झाली. ऑस्ट्रेलियन तुकड्या रेटल्या जाऊन मागे आल्या. सप्टेंबरच्या मध्याला जपानी फौज इओरिबाइवाच्या धारेपर्यंत पोचली आणि तिथेच थकली. पुरवठा तुटला, वरून माघारीचा हुकूम आला. ऑस्ट्रेलियन उलटून चढू लागले आणि २ नोव्हेंबरला कोकोडा परत त्यांच्या हाती आलं.

ऑस्ट्रेलियनांच्या माघारीत पॅरर होता. तेव्हा त्याचं वय तीस. जन्म मेलबर्नचा, १९१२ चा. युद्धाआधी तो चार्ल्स शोवेल या दिग्दर्शकाच्या चित्रपटांवर कॅमेऱ्याचं काम करत होता. १९४० मध्ये सरकारी माहिती खात्याचा छायालेखक म्हणून तो मध्यपूर्वेत गेला. टोब्रुक, ग्रीस, सीरिया असं फिरून १९४२ मध्ये न्यू गिनीत आला. कोकोडाच्या वाटेवर त्याच्याजवळ न्यूमन-सिंक्लेअर कंपनीचा ३५ मिलिमीटरचा, चावीवर चालणारा कॅमेरा होता. त्यात एका वेळी २०० फूट फिल्म बसे. बोलपटाच्या वेगानं दर मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, म्हणजे एक रीळ सव्वादोन मिनिटांत संपायचं. मग ते काढायचं, अंधाऱ्या पिशवीत हात घालून दुसरं चढवायचं. पावसात, थरथरत्या हातांनी. पॅररला त्या वाटेवर आमांशानं गाठलं. चालणं अशक्य होऊ लागलं तेव्हा त्यानं बाकीचं सामान फेकून दिलं, पण कॅमेरा आणि चित्रित केलेली रिळं सोडली नाहीत.

त्या रिळांतून सिडनीच्या सिनेसाउंड स्टुडिओत, केन हॉल यांच्या हाताखाली ‘कोकोडा फ्रंट लाइन!’ हा जेमतेम नऊ मिनिटांचा वार्तापट तयार झाला आणि सप्टेंबर १९४२ मध्ये प्रदर्शित झाला. पुढल्या वर्षी माहितीपटांसाठीचं ऑस्कर चार चित्रपटांना विभागून मिळालं. जॉन फोर्ड यांचा मिडवेवरचा चित्रपट, फ्रँक काप्रांचा ‘प्रील्यूड टू वॉर’, मॉस्कोच्या लढाईवरचा एक सोव्हिएत चित्रपट आणि चौथा हा. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेलं ते पहिलं ऑस्कर.

आता मुद्द्याकडे येतो. हा वार्तापट पाहायला बसलेला माणूस लढाई पाहायच्या अपेक्षेनं बसतो आणि त्याला लढाई जवळजवळ दिसतच नाही. जपानी सैनिक नाही. समोरासमोरची चकमक नाही. दिसतात ती माणसं. चिखलातून काठी टेकत उतरणारे जखमी, खांद्यावर स्ट्रेचर घेतलेले पापुआन हमाल, वाटेकडेला बसलेला शिपाई, त्याच्या तोंडात कोणीतरी पेटवून दिलेली सिगारेट.

शत्रू का दिसत नाही? एक कारण साधं आहे. जंगलात तो शिपायालाही दिसत नसे. उंच झाडांच्या छताखाली दुपारीही अंधूक उजेड, आणि तेव्हाची फिल्म आजच्या मानानं फार मंद. धार इतकी अरुंद की कितीतरी ठिकाणी पुढे एकच माणूस राहू शकतो, बाकीचे त्याच्या मागे रांगेत. हल्ला म्हणजे पन्नास माणसं एका ओळीनं मैदानातून धावत आहेत, हे चित्र या डोंगरांत लागूच पडत नाही. गोळीचा आवाज येतो, पान हलतं, माणूस पडतो. कॅमेऱ्यानं काय टिपावं?

दुसरं कारण पॅररच्या नजरेत आहे. त्यानं कॅमेरा आपल्याच माणसांच्या चेहऱ्यांकडे वळवला. गोळीबारापेक्षा गोळीबारातून आलेला चेहरा त्याला जास्त सांगणारा वाटला. इथे माझं आजचं प्रमेय मांडतो. डोंगरावरच्या चढाईची चित्रफीत लढाईचा पुरावा म्हणून फार तोकडी असते. ती श्रमाचा पुरावा म्हणून अव्वल असते. कोणी काय वाहिलं, किती उतारावर, किती चिखलात, कोणाच्या मदतीनं, हे ती बखरीपेक्षा आणि अधिकृत अहवालापेक्षाही चोख सांगते. अहवालात ‘डोंगर घेतला’ असे दोन शब्द येतात. त्या दोन शब्दांमागचं वजन चित्रफितीत दिसतं.

हे वजन खरंच मोजलेलं आहे. कोकोडाच्या वाटेवर हमालांची व्यवस्था लावली ती बर्ट किएन्झल या रबराच्या मळेवाल्यानं. पुरवठ्याचा तेव्हाचा हिशेब वाचताना अंगावर येतो. फक्त अन्नाचं ओझं घेऊन निघालेला हमाल तेरा दिवसांत आपलंच ओझं खाऊन संपवतो. त्याच्याबरोबर एका शिपायाचं पोट भरायचं तर साडेसहा दिवसांत. म्हणजे वाट जितकी लांब, तितकं पुढे पोचणारं अन्न कमी. गोळ्या, औषधं, पांघरुणं यांचा हिशेब वेगळाच. म्हणून किएन्झलनं डोंगरमाथ्यावर म्योला इथलं झाडी नसलेलं सपाट मैदान शोधलं, तेव्हा विमानातून सामान टाकण्याची सोय झाली आणि मोहिमेला श्वास मिळाला. उतरतीला उलटा हिशेब. स्ट्रेचरवरच्या एका जखमीला खाली न्यायला आठ हमाल लागत. शंभर जखमी म्हणजे आठशे माणसं. वार्तापटात सेकंदभर दिसणाऱ्या स्ट्रेचरमागे हे गणित उभं आहे. ते ठाऊक असेल तर फ्रेम वेगळी दिसते.

इथेच बखर सुरू होते. वार्तापटानं आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी या पापुआन हमालांना देवदूत ठरवलं. कुरळ्या केसांचे देवदूत. जखमीला ते आईच्या मायेनं नेत, यात खोटं काही नाही. वाचलेल्या सैनिकांनी जन्मभर ते ऋण मानलं. पण त्यांतले कितीतरी स्वखुशीनं आले नव्हते. १९४२ मध्ये नागरी प्रशासन जाऊन लष्करी प्रशासन आलं आणि गावागावांतून माणसं सक्तीनं कामाला लावण्यात आली. आपल्या भाषेत सांगायचं तर वेठ. मागे गावात शेती पडून, बायकामुलांचे हाल. काही पळून जात, काही वाटेत मरत. पडद्यावर हे येत नाही, कारण कॅमेरा ओझं दाखवतो, ते पाठीवर कोणी ठेवलं हे दाखवत नाही. ऑस्ट्रेलियन सरकारनं या हमालांसाठी स्मृतिपदक काढलं ते २००९ मध्ये, हयात असलेल्या मूठभरांसाठी.

आणखी एक उणीव, तीही फ्रेममध्ये न दिसणारी. कोकोडाला प्रथम भिडलेल्या ३९व्या बटालियनचे गणवेश खाकी होते, वाळवंटाला शोभणारे. हिरव्या जंगलात ते दुरून उठून दिसत. चित्रफीत कृष्णधवल, त्यामुळे पडद्यावर खाकी आणि हिरवा दोन्ही करडेच. ज्या चुकीनं माणसं टिपली जात होती ती चूकच फिल्मनं पुसून टाकली. साधन अस्सल असलं तरी त्याला स्वतःचा आंधळेपणा असतो, तो असा.

यानंतरची चित्रफीत १९४३ ची, ‘असॉल्ट ऑन सालामाउआ’. इथे माघार नाही, चढाई आहे. सालामाउआ हे उत्तर-पूर्व किनाऱ्यावरचं छोटं बंदर. त्याच्यामागे दाट झाडीचे डोंगर आणि प्रत्येक सोंडेवर खंदक खणून बसलेले जपानी. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ऑस्ट्रेलियन आणि नंतर अमेरिकन तुकड्या एकेक टेकाड घेत पुढे सरकल्या. २९ जुलै १९४३ रोजी मेजर जॉर्ज वॉर्फ यांच्या स्वतंत्र कंपनीनं ‘टिंबर्ड नॉल’ नावाच्या झाडीच्या टेकाडावर हल्ला केला. पॅरर त्यांच्याबरोबर होता. हल्ल्याआधीची वाट पाहणारी माणसं, चढण, जखमींना मागे आणणं आणि शेवटी मृतांचं दफन, असा त्याच्या चित्रणाचा क्रम आहे. युद्धाच्या चित्रीकरणात खरा हल्ला, तो चालू असताना, इतक्या जवळून टिपल्याची उदाहरणं थोडी. त्यांत याची गणना होते. आणि इथेही जास्तीत जास्त फूट फिल्म खर्ची पडली आहे ती वाट पाहण्यावर आणि वाहण्यावर. जखमी सोबत्याला वाहत्या ओढ्यातून पलीकडे नेणारा शिपाई ही या चित्रीकरणातली फ्रेम पुढे ऑस्ट्रेलियात घरोघरी ओळखीची झाली.

या मोहिमेत एक कडवट गोष्ट होती. सालामाउआ लवकर पडावं अशी सेनापतींची इच्छाच नव्हती. खरं लक्ष्य होतं उत्तरेचं लाए. जपान्यांनी लाएमधली माणसं सालामाउआच्या बचावासाठी खाली आणावीत, म्हणून डोंगरांत दबाव ठेवायचा, पण बंदर घ्यायचं नाही. ४ सप्टेंबरला लाएच्या पूर्वेला समुद्रातून फौज उतरली, ५ सप्टेंबरला नाडझाबला छत्रीधारी उतरले, ११ ला सालामाउआ आणि १६ ला लाए पडलं. टिंबर्ड नॉल चढणाऱ्या शिपायाला ही आखणी माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ते टेकाड हेच युद्ध होतं. चित्रफीत त्याच्या बाजूनं उभी राहते आणि नकाशाच्या बाजूनं काहीच सांगत नाही. तिच्यावरून मोहिमेचा हेतू काढायला जाल तर फसाल. मोहिमेची किंमत मात्र तिच्यात स्पष्ट दिसेल.

टिंबर्ड नॉलच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जुलैला, जवळच्या माउंट तांबूवर अमेरिकनांचा हल्ला फसला. लेस्ली ॲलन नावाचा धिप्पाड ऑस्ट्रेलियन स्ट्रेचरवाहक गोळीबारात पुन्हा पुन्हा वर गेला आणि एकेक करून बारा जखमी अमेरिकनांना खांद्यावर घालून खाली घेऊन आला. बेशुद्ध शिपाई खांद्यावर घेतलेल्या ॲलनचं छायाचित्र उपलब्ध आहे, आणि अमेरिकेनं त्याला सिल्व्हर स्टार दिला. त्या दिवशी टेकडी काही हाती आली नाही. लष्करी इतिहासात हा हल्ला अपयशाच्या रकान्यात जातो. श्रमाच्या इतिहासात तो त्या मोहिमेतला सर्वांत मोठा दिवस ठरावा.

आता संशयाची बाजू. युद्धाची चित्रफीत बनावट असू शकते का? असू शकते, आणि त्याची परंपरा चित्रपटाइतकीच जुनी. १९१६ च्या ‘बॅटल ऑफ द सोम’ या युद्धपटात खंदकातून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचं जगप्रसिद्ध दृश्य आघाडीमागच्या प्रशिक्षण केंद्रात करवून घेतलेलं आहे. फ्रँक हर्ली हा नामवंत छायाचित्रकार १९१७ मध्ये अनेक निगेटिव्ह जोडून एकच भव्य रणचित्र करी, आणि त्यावरून इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. हाच हर्ली दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत पॅररचा वरिष्ठ होता. ‘डेझर्ट व्हिक्टरी’ या युद्धपटातल्या रात्रीच्या हल्ल्याची काही दृश्यं इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत घेतली. जॉन ह्यूस्टन यांनी इटलीतल्या सान पिएत्रोच्या डोंगरी लढाईवर केलेला चित्रपट अनेकांना अस्सलपणाचा नमुना वाटला; त्यातली हल्ल्याची दृश्यं लढाई संपल्यावर सैनिकांकडून पुन्हा करवून घेतलेली होती. आणि पॅरर? तोही यातून सुटत नाही. १९४२ च्या अखेरीस टिमोर बेटावर लपून लढणाऱ्या तुकडीवर त्यानं चित्रफीत केली. तीत गनिमी छाप्यांची दृश्यं त्यानं त्या सैनिकांकडून कॅमेऱ्यापुढे करवून घेतली. माणसं खरी, जागा खरी, प्रसंग पुन्हा केलेला.

मग ओळखायचं कसं? अभ्यासक एक ढोबळ कसोटी लावतात. कॅमेरा कुठे उभा आहे? हल्ला करणाऱ्यांचे चेहरे समोरून दिसत असतील, तर कॅमेरा त्यांच्या आणि शत्रूच्या मध्ये आहे. खऱ्या हल्ल्यात तिथे कोण उभं राहील? म्हणजे दृश्य ठरवून घेतलेलं. पाठ दिसत असेल, फ्रेम हलत असेल, अर्ध्यात तुटत असेल, तर खऱ्याची शक्यता जास्त.

कसोटी चांगली आहे, पण तिला एक अपवाद आहे आणि तो स्वतः पॅरर. १९४३ मध्ये त्यानं सरकारी खातं सोडलं आणि अमेरिकेच्या पॅरामाउंट न्यूजसाठी तो काम करू लागला. १९४४ च्या मार्चमध्ये त्याचं लग्न झालं. १७ सप्टेंबर १९४४ रोजी पेलेलिउ बेटावर तो पुढे सरकणाऱ्या रणगाड्याच्या आडोशानं उलटं चालत होता, मागून येणाऱ्या मरीन सैनिकांचे चेहरे गोळीबारात टिपण्यासाठी. जपानी मशीनगननं त्याला तिथेच मारलं. त्याचा मुलगा त्याच्या मृत्यूनंतर जन्मला. जिथे कोणी उभं राहणार नाही असं आपली कसोटी सांगते, तिथे तो उभा होता. तेव्हा चित्रफितीचा खरेपणा नुसत्या फ्रेमवरून ठरवणं धोक्याचं. मूळ रीळ, छायालेखकानं त्याच्याबरोबर पाठवलेली टिपणं, तुकडीची रोजनिशी, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. ठाण्याचं पत्र आणि जमाखर्च एकमेकांशी पडताळून पाहावा, तसंच हे काम आहे.

रीळ आणि चित्रपट यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. पॅररची रिळं मुकी होती. ‘कोकोडा फ्रंट लाइन!’मध्ये ऐकू येणारा प्रत्येक स्फोट, प्रत्येक सूर, निवेदकाचा प्रत्येक चढा शब्द सिडनीत नंतर घातलेला आहे. दृश्यांचा क्रमही संकलकानं लावलेला. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं देता येईल: रीळ हा कागद, चित्रपट ही बखर. आणि पडद्यावर ती दोन्ही एकाच वेळी, एकमेकांत मिसळून आपल्यासमोर येतात.

विजेत्याचा कॅमेरा थकवा दाखवू शकला, हेही साधं नाही. जपानमध्ये फुमिओ कामेई या दिग्दर्शकानं १९३९ मध्ये चीनमधल्या जपानी सैन्यावर ‘फायटिंग सोल्जर्स’ हा माहितीपट केला. लष्करानंच काम दिलं होतं. त्यात त्यानं दमलेले, धुळीनं माखलेले, गप्प बसलेले शिपाई दाखवले. चित्रपटावर बंदी आली आणि १९४१ मध्ये कामेईला अटक झाली. दोनेक वर्षांच्या अंतरानं एका देशात दमलेल्या शिपायाच्या चेहऱ्याला बक्षीस मिळालं, दुसऱ्या देशात तुरुंग. न्यू गिनीतल्या जपानी सैनिकांचे सर्वांत भीषण दिवस उपासमारीचे. गोळीपेक्षा भूक आणि रोग यांनी तिथे जास्त माणसं मारली. ते दिवस त्यांच्या वार्तापटांत आले नाहीत. १९८७ मध्ये काझुओ हारा यांनी न्यू गिनीतून वाचलेल्या ओकुझाकी या सैनिकाचा पाठपुरावा करत एक माहितीपट केला. ओकुझाकी जुन्या अधिकाऱ्यांच्या घरी जाऊन विचारतो की आपल्या सोबत्यांना कोणी आणि का मारलं. उत्तरं नरभक्षणापर्यंत जातात. रिकाम्या रिळाची भरपाई अशी चार दशकांनी, दिवाणखान्यांत, साक्षी घेऊन करावी लागली.

आणि त्याच बेटावर आपली माणसं होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा ब्रिटिश भारतीय सैन्याचे हजारो जवान जपान्यांच्या हाती सापडले. त्यांतल्या कित्येक हजारांना बोटींत कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन बेटांवर नेलं. तिथे ते धावपट्ट्या बांधत, बोटी रिकाम्या करत, डोंगरांतून ओझी वाहत. भूक, मलेरिया, मारहाण आणि मित्रपक्षांचेच बॉम्ब यांत न्यू गिनीच्या वेवाक भागातले बहुतेक जण संपले. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याला तिथे वाचलेली मूठभर माणसं सापडली. त्यांतले जमादार चिंत सिंग युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष देण्यासाठी मागे थांबले; त्यांचे दहा सोबती मायदेशी परतताना विमान अपघातात गेले. या माणसांनी वाहिलेलं ओझं पापुआन हमालांच्या ओझ्याहून हलकं नव्हतं. त्यांच्यासमोर कॅमेरा आला तो सुटकेनंतर, हाडं मोजण्याजोगी झाल्यावर. श्रमाचा पुरावा म्हणून चित्रफितीचं मोल मी सांगतो आहे, तेव्हा तिच्यात कोणाचा श्रम आलाच नाही हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

त्या काळात मुंबईतल्या चित्रपटगृहांत काय चाललं होतं? १९४० मध्ये सरकारनं मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापलं. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते आणि काही काळ आपले व्ही. शांताराम त्याचे मुख्य निर्माते. पुढे १९४३ मध्ये त्याच्या जागी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आली, जोडीला ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत ४४-अ कलम घालून प्रत्येक खेळात २,००० फूट सरकारी मान्यतेची फिल्म दाखवणं सक्तीचं केलं. मिनिटांत मोजलं तर सुमारे बावीस. ‘किस्मत’ चित्रपटाला गर्दी करणारा प्रेक्षक त्याआधी बावीस मिनिटं युद्ध पाही, आणि त्याचे नेते तेव्हा ‘छोडो भारत’ म्हणून तुरुंगात होते. अशा चित्रफितींकडे आपण पाठ फिरवली यात नवल नाही. १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळानं या खात्याचा पैसाच नाकारला. त्याच्या पायावर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली, पण युद्धाची रिळं आपल्या आठवणीतून गेली.

ब्रह्मदेशाच्या आघाडीचं तेच. रॉय बोल्टिंग यांचा ‘बर्मा व्हिक्टरी’ हा माहितीपट १९४५ मध्ये आला. त्याच वर्षी हॉलिवूडनं एरॉल फ्लिनला घेऊन ‘ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!’ काढला. कॅलिफोर्नियात चित्रित केलेल्या त्या कथापटात आघाडीवरची खरी चित्रफीत मधूनमधून जोडलेली आहे, म्हणजे अस्सल कागद फाडून कादंबरीत चिकटवलेला. लंडनमध्ये त्यावर इतका गदारोळ झाला की आठवड्यात तो उतरवावा लागला, कारण ब्रिटिशांना त्यात जागाच नव्हती. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्यात सर्वांत जास्त संख्या भारतीयांची होती; त्यांच्या गैरहजेरीबद्दल तितका गदारोळ झाला नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन छत्रीधारी ब्रिगेडबरोबर वेढ्यात लढली. पाणी संपत आलेलं, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं शत्रूच्या हद्दीत पडणारं. ती लढाई आपल्या पाठ्यपुस्तकांत आली नाही आणि आपल्या पडद्यावरही आली नाही.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आणि लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये युद्धकाळातली मूळ रिळं जतन आहेत आणि त्यांतली पुष्कळ आता घरबसल्या पाहता येतात. ती पाहताना पहिल्या खेपेला आवाज बंद करा. निवेदक गेला की बखर अर्धी गळून पडते. मग विचारा: कॅमेरा कुठे उभा आहे, चित्रण हल्ल्याच्या आधीचं की नंतरचं, रिळाबरोबर टिपण आहे का, आणि ते कोणत्या कार्यालयानं कोणासाठी मागवलं होतं. त्यानंतर ओझं मोजा. कोण वाहतो आहे, काय वाहतो आहे, चढतो आहे की उतरतो आहे, त्याच्या अंगावर गणवेश आहे का.

दुसरं काम आपल्या घरातलं आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारखी गावं, कोकणातली आणि कोल्हापूरकडची कितीतरी घरं, यांत दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची सेवापुस्तकं, पेन्शनचे कागद, पत्रं अजून ट्रंकेत आहेत. त्यांवर बटालियन असते, तारीख असते, कधी ठिकाणही असतं. परदेशी संग्रहातल्या रिळांच्या नोंदींत मात्र पुष्कळदा नुसतं ‘भारतीय सैनिक’ एवढंच. ही दोन टोकं जोडण्यासाठी मोठी संस्था लागत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचणारा, कागद जपून हाताळणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्याला ट्रंक उघडून देणारी आजी, एवढ्यानं सुरुवात होते. या व्याख्यानमालेनं पुढच्या वर्षी अशा कागदांची एक साधी यादी करायला घेतली, तर ज्या शिपायांची, खेचरवाल्यांची आणि स्ट्रेचरवाहकांची नावं निवेदकाला सांगता आली नाहीत, त्यांतली काही तरी आपण सांगू शकू. यादीचं पहिलं पान लिहायला मी येईन.